मोंगोडीबी का काउचडीबी? आधी राइट कुठे होणार ते बघा

दोन्ही डेटाबेस, दोन्हीत जेसनसारखी (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांची) डॉक्युमेंट्स, दोन्हीत आधी टेबल-कॉलम ठरवायची कटकट नाही, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं कुठलंही उचला, काय फरक पडतो. पडतो ना, आणि तो डेटा कसा ठेवलाय यापेक्षा राइट (डेटा लिहिणं) किती ठिकाणी होऊ शकतो यात जास्त आहे.

मोंगोडीबीच्या रेप्लिका सेटमधे (एकाच डेटाच्या कॉप्या ठेवणारे सर्व्हर, म्हणजे नोड) राइट घेणारा एकच, प्रायमरी. तो पडला की बाकीचे नोड मतदान करून दुसरा निवडतात, तेवढे काही सेकंद राइट अडतात, बस्स.

काउचडीबीत असा मुख्य कोणी नाहीच. कुठल्याही कॉपीत लिहा, नंतर रेप्लिकेशनने (कॉप्यांमधले बदल एकमेकांकडे पाठवून) जुळवा. ब्राउझरमधे पाउचडीबी (काउचडीबीशी सिंक होणारा छोटा डेटाबेस) टाकलं की अ‍ॅप ऑफलाइन चालतं, नेट आलं की सिंक. पण मधल्या वेळात दोघांनी एकच डॉक्युमेंट बदललं, म्हणजे कॉन्फ्लिक्ट झाला, तर? इथेच खरी गंमत आहे. काउचडीबी दोन्ही रिव्हिजन (डॉक्युमेंटच्या आवृत्त्या) ठेवतं, ठरलेल्या नियमाने त्यातली एक विजेती म्हणून दाखवतं (सगळ्या नोडवर तीच येते, एकमेकांना न विचारता) आणि दुसरी गुपचूप मागे पडून राहते, सिंक होताना एररबिरर काही येत नाही. ती शोधून मर्ज करणं तुमच्या कोडचं काम. आणि रिव्हिजन आहेत म्हणजे जुनी हिस्टरी फुकटात मिळाली असं समजू नका, कॉम्पॅक्शन (जागा मोकळी करणारी साफसफाई) झालं की जुना मजकूर गेला.

क्वेरीत (डेटा शोधण्यात) मात्र मोंगोडीबी सरळ पुढे आहे. अ‍ॅग्रिगेशन पाइपलाइन (गाळा, गट पाडा, बेरीज करा अशा पायऱ्यांची क्वेरी) भारी आहे, शिवाय २०१८ च्या ४.० पासून अनेक डॉक्युमेंट्सचं ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र, नाहीतर एकही नाही) पण जमतं. काउचडीबीत मॅप-रिड्यूसचे व्ह्यू (डेटा गाळून-जमवून देणाऱ्या तयार क्वेरी) आधी लिहून ठेवावे लागतात, २०१६ च्या २.० मधे मँगो क्वेरी (जेसनमधे अटी लिहून शोधणं) आली पण ती साध्या शोधापुरती ठीक, रोज नवा रिपोर्ट मागणारं अ‍ॅप असेल तर वैताग येईल.

लायसन्स: काउचडीबी अपाची, मोंगोडीबी २०१८ पासून एसएसपीएल (सर्व्हर साइड पब्लिक लायसन्स). डेटाबेसच सर्व्हिस म्हणून विकणार असाल तर ते नीट वाचा.

(काउचबेस हे तिसरंच प्रॉडक्ट, काउचडीबीची नवी आवृत्ती नव्हे.)

माझं मत विचाराल तर ऑफलाइन राइट नसेल तर मोंगोडीबीच घ्या. असेल तर काउचडीबी, पण मग डॉक्युमेंट्स लहान ठेवा, म्हणजे कमेंट्सची यादी पोस्टच्या आत न कोंबता प्रत्येक कमेंट वेगळं डॉक्युमेंट, निम्मे कॉन्फ्लिक्ट तिथेच टळतात.