कॉस्मिक किरणांसाठी रात्री फोन बंद करू नका

‘आज रात्री १२.३० ते ३.३० पृथ्वीजवळून घातक कॉस्मिक किरण जाणार, मोबाइल बंद करून लांब ठेवा.’ मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. पाठवणाऱ्याला काळजीच असते, पण माहिती खरी नाही.

कॉस्मिक किरण म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण. ते ठरावीक रात्री नव्हे, सतत येतात. त्यांच्यामुळे वातावरणात तयार झालेले म्युऑन नावाचे सूक्ष्म कण आत्ताही तुमच्या तळहातातून जाताहेत, साधारण सेकंदाला एक. फोन चालू असो वा बंद, त्यांना फरक पडत नाही.

दूर अवकाशात होणारे गॅमा किरणांचे, म्हणजे अतिशय ऊर्जावान प्रकाशाचे, स्फोट मात्र अचानक होतात. वातावरण हे किरण अडवतं, म्हणून १९६७ साली ते प्रथम टिपले उपग्रहांनी. आज अवकाश दुर्बिणींना सरासरी दिवसाला एखादा स्फोट सापडतो. बहुतेक स्फोट काही सेकंदांत विझतात, म्हणून दुर्बीण लगेच तिकडे वळवून मागे उरलेली क्ष-किरणांची झळाळी टिपावी लागते. आगाऊ वेळ कुणालाच सांगता येत नाही. गॅमा किरण प्रकाशाच्याच वेगाने येतात. त्यांच्या आधी त्यांची बातमी पोचणार कशी?

निरोपात तारीख आहे का बघा. नसतेच, नुसतं ‘आज रात्री’. पहिली ओळ अवतरणचिन्हांत टाकून सर्च करा, जुन्या वर्षांतही तीच सापडेल. आणि घरात कुणी आजारी असेल तर फोन रात्रभर चालूच असू द्या.