खाकीचा धाक, खाकीचा मान

शनिवारची रात्र, अकरा वाजून गेलेले. जंगली महाराज रस्त्यावर दोन बॅरिकेड तिरके लावून गाड्यांना नागमोडी वाट ठेवलेली. स्कूटरवर दोघं: चालवणारा अठरा-एकोणीसचा, मागे बसलेला जेमतेम सतराचा. हवालदाराचा हात आधी किल्लीवर जातो, शब्द नंतर येतो. ‘चल, बाजूला घे.’ का थांबवलं ते सांगितलं जात नाही. मागच्या मोटारीतल्या जोडप्याला टॉर्च मारून लगेच सोडलेलं असतं, ते दोघांनीही पाहिलेलं असतं. ‘कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये आहेत’ म्हटलं तर ‘ते घरी दाखव’ असं ऐकावं लागतं. मोबाइलवरची कागदपत्रं २०१८ च्या नियमदुरुस्तीपासून वैध आहेत, ही गोष्ट वेगळी. सगळा प्रकार अर्ध्या मिनिटाचा.

यात बंदूक कुठेच नाही. तरीही पोलिसांचा गोळीबार आणि तरुणांच्या मनातला कायद्याचा मान यांवर काम करणारे संशोधक अशा अर्ध्या मिनिटांकडे फार बारकाईने बघतात. वेळप्रसंगी जीव घेण्याची मुभा कायद्याने ज्या यंत्रणेला दिली आहे, तिच्याशी बहुतेक मुलांची पहिली गाठ पडते ती अशी. पुढे कधी ‘आरोपी चकमकीत ठार’ अशी बातमी आली, की ती खरी मानायची की बनाव समजायचा, हे अशा अनुभवांच्या जुन्या साठ्यावरून ठरतं.

१९८४ मध्ये टॉम टायलर या मानसशास्त्रज्ञाने शिकागोत १,५७५ लोकांना प्रश्न विचारले: तुम्ही कायदा का पाळता? पकडले जाण्याची भीती हे उत्तर अपेक्षेपेक्षा बरंच फिकं निघालं. ज्यांना यंत्रणा न्याय्य वाटत होती, ते कुणी बघत नसतानाही नियम पाळत होते. आणि न्याय्य वाटणं निकालावर कमी, वागणुकीवर जास्त अवलंबून होतं. या वागणुकीचे पुढे चार भाग मांडले गेले: समोरच्याला बोलू देणं, सर्वांना एकच माप, माणूस म्हणून मान, आणि याचा हेतू बरा आहे असा विश्वास. पावती फाडली गेली तरी माणूस मनातून शांत राहू शकतो, आणि फुकट सुटला तरी धुमसत राहू शकतो. हेल्मेटवरून वर्षानुवर्षं हुज्जत घालणाऱ्या पुणेकराला हे शिकागोहून कळायची गरज नव्हती म्हणा.

हे नाकाबंदीवर कसं उतरवायचं, याचा प्रयोग ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये लॉरेन मॅझरोल आणि सहकाऱ्यांनी केला. दारू तपासणीच्या साठ नाकाबंद्या घेतल्या. तीस ठिकाणी नेहमीची पद्धत ठेवली, तीस ठिकाणी पोलिसांना मुद्द्यांचं कार्ड दिलं. नेहमीच्या तपासणीला अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ लागायचा, कार्डाच्या तपासणीला सुमारे दीड मिनिट. मराठीत ते काहीसं असं होईल: ‘नमस्कार. आम्ही इथे सरसकट तपासणी करतोय, तुम्हालाच वेगळं काढलेलं नाही. दारू पिऊन चालवणाऱ्यांमुळे लोकांचे जीव जातात, त्यांच्या घरी निरोप द्यायला आम्हालाच जावं लागतं. तुमच्या भागात आम्ही कशाकडे लक्ष द्यावं असं वाटतं? ठीक आहे, आता या नळीत फुंका.’ पहिल्या वाक्यात एकच माप आलं, दुसऱ्यात हेतू, तिसऱ्यात समोरच्याचं बोलणं. मान सगळीकडे, ‘अहो-जाहो’त सुद्धा. दीड मिनिटवाल्या चालकांनी पोलिसांबद्दल अधिक चांगलं मत नोंदवलं.

मग स्कॉटलंडने हाच प्रयोग केला आणि तो उलटा फिरला. मत सुधारण्याऐवजी किंचित घसरलं. कारण शोधताना दिसलं, की अधिकाऱ्यांना प्रयोगाचा उद्देश नीट समजावलाच नव्हता. वरून फर्मान आलं, कार्ड हातात पडलं. त्याच सुमारास खात्याची मोठी फेररचना झालेली, माणसं नाराज. ज्यांना स्वतःला कुणी विचारत नव्हतं, त्यांनी दुसऱ्याला ‘तुम्हाला काय वाटतं’ म्हणून विचारायचं होतं. पोपटपंची समोरच्याला लगेच ओळखू येते.

सतराव्या वर्षी हे सगळं अधिक बोचतं. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी २००५ मध्ये गाडी चालवण्याच्या एका संगणकीय खेळात पाहिलं, की मित्र बघत असले की किशोरवयीन मुलं एकटी असतानापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करतात. चोवीसच्या पुढच्यांना मित्रांच्या असण्याने फारसा फरक पडत नाही. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पुरता तयार होतो, चारचौघांत इज्जत जाण्याची जाणीव मात्र त्याच्या कितीतरी आधी तीव्र झालेली असते. म्हणून मित्रांसमोर कानाखाली बसलेल्या मुलाचं लक्ष आपल्या चुकीवर राहत नाही. गेलेली पत कशी भरून काढायची, याचाच हिशोब डोक्यात चालू होतो. अनुभवी फौजदार मुलाला दोन पावलं बाजूला घेऊन बोलतो, ते यासाठीच. हुआन डेल टोरो यांच्या २०१९ च्या अभ्यासात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, शाळकरी मुलांवर अनेक महिने लक्ष ठेवलं गेलं. पोलिसांनी अडवल्यानंतर त्यांचं नियम मोडणं वाढलं. उलट दिशेचा संबंध, म्हणजे आधी नियम मोडले म्हणून अडवलं गेलं, असा सापडला नाही.

आता गोळी. डेस्मंड अँग या अर्थतज्ज्ञाने लॉस एंजेलिसमधले २००२ ते २०१६ या काळातले पोलिसांच्या हातून झालेले सहाशेहून अधिक मृत्यू नकाशावर मांडले आणि शाळकरी मुलांच्या घरांचे पत्ते त्यावर ठेवले. अर्ध्या मैलाच्या आत, म्हणजे सुमारे ८०० मीटरवर, राहणाऱ्या मुलांचे गुण घसरले आणि पुढच्या अनेक सत्रांत सावरले नाहीत. नववीत असताना असा मृत्यू जवळ घडलेल्यांचं शाळा पूर्ण करण्याचं प्रमाण सुमारे साडेतीन टक्क्यांनी कमी झालं. ८०० मीटर म्हणजे गुडलक चौकातून फर्ग्युसनच्या फाटकापर्यंत चालत जाण्याइतकं अंतर. मृत व्यक्ती निःशस्त्र होती तिथे परिणाम सर्वांत ठळक, आणि तो कृष्णवर्णीय व लॅटिनो मुलांवरच दिसला. एकाच गल्लीत, एकाच आवाजाने काही मुलं हादरली आणि काही नाही. गोळीचा आवाज सारखाच होता, ‘उद्या हे माझ्यावर येईल का’ या प्रश्नाचं उत्तर वेगळं होतं.

अमेरिकेच्या कायद्यातला याविषयीचा मोठा निकालही एका मुलावरूनच आला. ३ ऑक्टोबर १९७४ च्या रात्री मेम्फिसमध्ये पंधरा वर्षांचा एडवर्ड गार्नर एका घरातून पळाला आणि कुंपणावर चढला. टॉर्चच्या उजेडात तो निःशस्त्र असल्याची अधिकाऱ्याला जवळपास खात्री होती. तरी गोळी झाडली, कारण पळणाऱ्या गुन्हेगारावर गोळी झाडायला राज्याचा कायदा परवानगी देत होता. मुलाजवळ एक पर्स आणि दहा डॉलर सापडले. १९८५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही सरसकट परवानगी काढून घेतली.

आपल्याकडे ही रेघ कागदावर जुनीच आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम ४६(३) आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४३(४) झालं आहे. अटक करताना बळ वापरता येतं, पण ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा जीव घेण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. मोबाइल हिसकावणारा, रात्री पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचा फोडणारा, नाकाबंदी तोडून पळणारा, कुणीच त्यात बसत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क पोलिसालाही आहे, पण तो इतर कुणालाही आहे तेवढाच: हल्ला खरा हवा, आणि उत्तर त्याच्या प्रमाणात. ‘पायावर मारली’ हाही काही सौम्य उपाय नव्हे. मांडीतली मोठी रोहिणी फुटली तर काही मिनिटांत माणूस जातो.

गोळी सुटल्यानंतर काय व्हायला हवं, हे २३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या चकमकींच्या प्रकरणात सोळा मुद्द्यांत सांगितलं. खबर मिळाली की ती आधी लेखी नोंदवायची. मृत्यू झाला तर गुन्हा नोंदवायचा. तपास त्याच ठाण्याकडे ठेवायचा नाही, सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्यायचा, आणि देखरेख करणारा अधिकारी चकमकीच्या प्रमुखापेक्षा किमान एक पायरी वरचा हवा. रक्ताची माती, केस, बोटांचे ठसे, पुंगळ्या जपायच्या. शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी करायचं आणि त्याचं चित्रीकरण ठेवायचं. दंडाधिकाऱ्यांची चौकशी सक्तीची. वापरलेली शस्त्रं तपासणीसाठी जमा. आणि घटनेनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक नाही.

प्रत्यक्षात घसरगुंडी शेवटून सुरू होते. कागदावर पदक नसतं, पण चौकात फ्लेक्स लागतात. ६ डिसेंबर २०१९ ला हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. न्यायमूर्ती विकास सिरपूरकर आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये आला. पोलिसांची हकीकत त्याने अविश्वसनीय ठरवली आणि चारपैकी तिघं त्या वेळी अल्पवयीन होते असंही नोंदवलं. तोपर्यंत फुलं वाळून गेली होती. बदलापूर प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत मारला गेला ती तारीख २३ सप्टेंबर २०२४, सोळा मुद्द्यांच्या निकालाचा बरोबर दहावा वर्धापनदिन. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने तिथेही स्वसंरक्षणाच्या दाव्यावर शंका घेतली.

फुलं उधळणारे लोक काही क्रूर नसतात. यावरही अभ्यास आहेत. घानातल्या अक्रामध्ये लोकांची पोलिसांना मदत करण्याची तयारी चांगल्या वागणुकीपेक्षा पोलिसांच्या कार्यक्षमतेशी जोडलेली आढळली. लाहोरमध्ये न्याय्य वागणुकीबरोबर कार्यक्षमता आणि लाच न घेणं, दोन्हींचं वजन होतं. खटले जिथे दहा-दहा वर्षं रेंगाळतात, तिथे झटपट निकाल हाच न्याय वाटू लागतो. पण मुलं यातून दुसरंच शिकतात: कायदा म्हणजे ज्याच्या हातात पिस्तूल, त्याची मर्जी. मग कोयता कमरेला लावणाऱ्या पोराला आपण त्या नियमानेच खेळतोय असं वाटलं, तर त्याचं तर्कशास्त्र चुकलेलं नसतं.

पुण्यात धिंडीचं असंच झालं आहे. वस्तीत तोडफोड करणाऱ्यांना त्याच गल्लीतून फिरवायचं, म्हणजे दहशत मोडेल, हा हिशोब. पण मित्रांच्या नजरेवर जगणाऱ्या वयात ती दहा मिनिटं रील बनून राहतात, आणि पार्श्वसंगीत लावलं की लंगडत चालणारा पोरगा ‘भाई’ होतो. आरोपी अठराच्या आतला असेल, तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४ त्याची ओळख उघड करायलाच मनाई करतं. मुलांशी बोलणारा पोलीस साध्या कपड्यांत असावा, बेडी नको, कोठडी नको, चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं, हे सगळं नियमांत आहे. आणि मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या अपघातानंतर दोन जीव घेतलेल्या महागड्या मोटारीच्या अल्पवयीन चालकाला जामिनासाठी ३०० शब्दांचा निबंध सांगितला गेला, तेव्हा ‘एकच माप’ या भागाचं काय झालं, ते जनता वसाहतीतल्या मुलांना समजावून सांगावं लागलं नाही. तो आदेश पोलिसांचा नव्हता, मंडळाचा होता. सतरा वर्षांच्या डोळ्यांना हे सगळे एकाच खुर्चीवर बसलेले दिसतात.

जमावावरचा गोळीबार ही निराळी शाखा आहे, पण मावळ विसरून चालणार नाही. ९ ऑगस्ट २०११, ऐन क्रांतिदिनी, पवना बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. जमावावर हवेत गोळीबार हा सुरक्षित पर्याय वाटतो, तसा तो नाही. रायफलची गोळी सेकंदाला ७००-८०० मीटर वेगाने निघते आणि किलोमीटरभर पलीकडेही जीव घेऊ शकते. समोरच्यावरून गेली तरी मागच्या शिवारातल्या कुणाला तरी लागेल, एवढाच त्याचा अर्थ.

प्रशिक्षणाने काय साधतं? शिकागोत आठ हजारांहून अधिक पोलिसांना न्याय्य वागणुकीचं प्रशिक्षण दिलं गेलं. २०२० च्या अहवालात बळाचा वापर ६.४ टक्के आणि तक्रारी १० टक्के घटल्याचं आलं. नंतर संशोधकांनीच नव्या सांख्यिकी पद्धतीने आकडे पुन्हा तपासले, तेव्हा परिणाम लहान आणि बराच अनिश्चित निघाला. अमेरिकेतल्याच तीन शहरांत पोलिसांच्या छोट्या पथकांना चाळीस तासांचं प्रशिक्षण दिलं, तिथे गुन्हे आणि अटका दोन्ही घटल्या, पण पोलिसांबद्दलचं रहिवाशांचं एकूण मत फारसं हललं नाही. एका कार्यशाळेने, एका व्याख्यानाने चौकी बदलेल असं सांगणारा माणूस काहीतरी विकत असतो.

स्कॉटलंडचा धडा इथे जास्त उपयोगी आहे, आणि तो पाहायला गणपतीच्या विसर्जनाचा दुसरा दिवस पुरतो. मिरवणूक २४ तासांच्या पुढे गेलेली असते. अलका चौकातला अंमलदार आदल्या सकाळपासून उभा, कानात ढोल आणि स्पीकरच्या भिंती, जेवणाचं पाकीट गार झालेलं, स्वच्छतागृह कुठे याचा पत्ता नाही. सुट्टी मागितली तर वरिष्ठ काय बोलले, ते त्याला पाठ आहे. त्याच क्षणी बॅरिकेडखालून एक सतरा वर्षांचा पोरगा पलीकडे जाऊ बघतो, आणि अंमलदाराला काठी उचलायची की ‘थांब, दोन मिनिटं, पथक जाऊ दे’ म्हणायचं हे ठरवायला एक सेकंद मिळतो.