टॉकीजपाशी ये, म्हणजे कुठं?

गेल्या महिन्यात आमच्या आबांनी पार्सल घेऊन येणाऱ्या एका पोराला फोनवर पत्ता सांगितला. "टॉकीजपाशी आलास की डावीकडं बोळात वळ."

"काका, कुठली टॉकीज?"

"आरं, टॉकीज म्हंजे टॉकीज! कोल्हापुरातलाच हाईस न्हवं?"

मंगळवार पेठेत आमच्या बोळाच्या तोंडाशी टॉकीज होती हे खरं, पण ती पडून वीसेक वर्षं झाली. तिथं आता मोबाईलची दुकानं आहेत. पोरगा अर्धा तास पेठेत घिरट्या घालत होता. फोन ठेवून आबांनी निकाल दिला, "धांदरट हाय पोरगं, आवाजावरनंच कळतंय." मी तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य आलंच, "हे केस काय उन्हात पांढरं झाल्यात व्हय?"

गंमत पुढेच आहे. त्याच संध्याकाळी शेजारची सून ताकाचं पातेलं ठेवून गेली. दोन मिनिटं थांबली असेल, नेहमीसारखी हसलीही. ती गेल्यावर आबा म्हणाले, "हिचं घरात कायतरी बिनसलंय." मला काही दिसलं नव्हतं. दोन दिवसांनी कळलं, खरंच बिनसलं होतं. समोरचा बोळ शोधणाऱ्या पोराच्या डोक्यात काय चाललंय हे ज्या डोक्याला उमगलं नाही, त्याच चौऱ्याहत्तर वर्षांच्या डोक्याला सुनेचा चेहरा मात्र अचूक वाचता आला.

मराठीत या विषयावर दोन म्हणणी आहेत आणि ती एकमेकींच्या उरावर बसतात. एक, 'उन्हात केस पांढरे झाले नाहीत', म्हणजे वय वाढलं की माणसं कळतात. दुसरं, 'साठी बुद्धी नाठी'. शिवाय लग्न जमवताना हमखास ऐकू येणारं तिसरं, 'स्वभावाला औषध नाही'. मानसशास्त्रज्ञांनी गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत या तिन्हींचा पिच्छा पुरवलाय.

दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधण्याच्या क्षमतेला शास्त्रात 'थिअरी ऑफ माइंड' म्हणतात. प्रीमॅक आणि वुड्रफ या दोघांनी १९७८ साली चिंपांझींच्या संदर्भात हा शब्द रूढ केला. १९८३ मध्ये विमर आणि पेर्नर यांनी मुलांसाठी एक साधी परीक्षा काढली. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो. आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर मॅक्सी चॉकलेट कुठे शोधेल? तीन वर्षांचं मूल बेधडक सांगतं, दुसऱ्या कपाटात. चॉकलेट तिथेच तर आहे! साधारण चार-पाच वर्षांची झाल्यावर बहुतेक मुलं बरोबर उत्तर देतात: मॅक्सीला माहीतच नाही, तो जुन्याच कपाटात बघणार. खासबाग मैदानात पट काढायला वाकल्याचं दाखवून भलताच डाव टाकणारा पैलवान हीच गोष्ट अंगाने करतो. समोरच्याच्या डोक्यात खोटी समजूत पेरायची, तर आधी त्याचं डोकं आपल्यापेक्षा वेगळं आहे हे कळावं लागतं.

म्हणजे पाचव्या वर्षी हा प्रश्न सुटला? शाळेची पुस्तकं तिथेच थांबतात. पण मला या सगळ्या विषयात सर्वात जास्त आवडलेला प्रयोग मोठ्या माणसांवरचा आहे, आणि तो जरा सविस्तर सांगणार आहे.

शिकागो विद्यापीठातल्या बोआझ केसार आणि सहकाऱ्यांनी तो २००० साली छापला. दोन माणसांच्या मध्ये एक मांडणी उभी करायची, चार आडव्या ओळी आणि चार उभ्या रांगा अशी सोळा खणांची. प्रत्येक खण तुम्हाला दिसतो. पलीकडे बसलेल्या 'सूत्रधारा'ला मात्र काही खण दिसत नाहीत, कारण त्याच्या बाजूने ते बंद केलेले आहेत. तुम्हाला हे आधीच नीट दाखवलेलं असतं. तीन मेणबत्त्या ठेवल्या आहेत, मोठी, मधली आणि लहान. सर्वात लहान मेणबत्ती नेमकी बंद खणात. सूत्रधार सांगतो, 'छोटी मेणबत्ती हलव.' त्याला दोनच दिसतात, म्हणजे त्याची 'छोटी' म्हणजे तुमची मधली. सोपं आहे. पण नजर टिपणाऱ्या कॅमेऱ्यात दिसलं, की लोकांचे डोळे आधी त्या बंद खणातल्या, सूत्रधाराला न दिसणाऱ्या मेणबत्तीकडेच जातात. काही वेळा हातही जातो.

मला हे खरं वाटेना, म्हणून घरी चपलांच्या मांडणीवर करून पाहिलं. स्टीलच्या तीन वाट्या, आणि एका खणाच्या पाठीला जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा. पुतणी पलीकडे बसली. म्हणाली, "काका, छोटी वाटी दे." पुठ्ठा मी स्वतः, माझ्या हातांनी लावला होता. तरीही माझी बोटं सर्वात लहान वाटीला लागली आणि मग मागे आली.

ते 'मग मागे आली' हे महत्त्वाचं. २००४ मध्ये एपली, मोरवेज आणि केसार यांनी हाच खेळ लहान मुलं आणि मोठी माणसं यांना खेळायला दिला. पहिली नजर चुकीच्या वस्तूकडे जाण्यात दोघांत फरक नव्हता. फरक होता तो तिथून परत फिरण्यात. मोठी माणसं लवकर सावरतात, मुलं रेंगाळतात. आपण मोठे होतो तेव्हा 'मला दिसतं ते जगाला दिसतं' हा पहिला समज जात नाही. त्याच्यावर ब्रेक तयार होतो, एवढंच. आणि हा ब्रेक फुकट मिळत नाही. लोकांना एकीकडे काहीतरी लक्षात ठेवायला लावून हाच खेळ दिला की चुका वाढतात, असं २०१० मधल्या प्रयोगांत दिसलं. डोक्यात एकाच वेळी किती गोष्टी धरता येतात आणि तोंडावर आलेलं पहिलं उत्तर किती दाबून ठेवता येतं, या दोन गोष्टींवर ब्रेक चालतो.

आता वय. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत लिहून 'शाईचा रंग सांगा' म्हटलं, की कोणीही अडखळतो. उतारवयात अडखळणं वाढतं, कारण मेंदूच्या पुढच्या भागाची, म्हणजे कपाळामागच्या पट्ट्याची, वयाबरोबर होणारी झीज इतर बऱ्याच भागांपेक्षा जास्त असते, आणि दाबून ठेवण्याचं काम बरंचसं तिथलंच. आबांच्या डोक्यातली टॉकीज अशीच आहे. ती त्यांना दिसते, ठळक दिसते, आणि ती पोराला दिसत नाही हे आठवायला लागणारा अर्धा सेकंद फोनवर मिळत नाही. त्यात ऐकू कमी येतं, रस्त्यावर हॉर्न वाजत असतात, म्हणजे डोक्याचा निम्मा जोर शब्द पकडण्यातच जातो. म्हाताऱ्या माणसाला 'समजत नाही' म्हणण्याआधी कान तपासून घ्यावेत, हे माझं जुनं गाऱ्हाणं आहे.

मग 'साठी बुद्धी नाठी' खरं? थांबा. १९९८ मध्ये फ्रान्सेस्का हॅपे आणि सहकाऱ्यांनी गोष्टी वाचायला देऊन पात्रांच्या मनातलं विचारलं, तर म्हातारी माणसं तरुणांपेक्षा सरस निघाली. पुढच्या अभ्यासांत हे टिकलं नाही. २०१३ मध्ये अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा सरासरीने ज्येष्ठ मागे पडले. पण २०१५ मध्ये हार्टशोर्न आणि जर्माइन यांनी इंटरनेटवरून हजारो लोकांना तपासलं. नुसत्या डोळ्यांच्या फोटोवरून भाव ओळखण्याची क्षमता त्यांना तिशीत उतरताना दिसली नाही. उलट ती चाळिशी-पन्नाशीच्या आसपास भरात होती आणि पुढेही बराच काळ टिकून होती.

या डोळ्यांच्या परीक्षेत छत्तीस फोटो असतात, आणि प्रत्येकाला चार शब्दांतून एक निवडायचा. इथे शब्दसंपत्ती कामी येते, आणि ती तर साठी ओलांडेपर्यंत वाढत राहते. खजील, ओशाळलेला, वरमलेला आणि हिरमुसलेला यांतला फरक ज्याला तोंडपाठ आहे, त्याला तो चेहऱ्यावरही लवकर सापडतो. आबांनी सुनेचा चेहरा वाचला तो इथून. तिथे स्वतःचं काही दाबायचं नव्हतं, फक्त साठवलेलं ओळखायचं होतं. त्यामुळे 'माणसं कळणं' हा एक गुण आहे असं धरून चाललं की गोंधळ होतो. निदान दोन गुण आहेत, आणि वय त्यांना वेगवेगळ्या दिशांना नेतं.

आता स्वभाव. मानसशास्त्रात स्वभाव पाच पट्ट्यांवर मोजतात: नव्याची ओढ, नेटकेपणा, बहिर्मुखता, सौजन्य आणि चिंताळूपणा. २००८ मध्ये नेटल आणि लिडल यांना सौजन्याचा संबंध गोष्टीतल्या पात्रांचं मन उलगडण्याशी सापडला, डोळ्यांच्या फोटोंशी मात्र नाही. मला हे पटतं. ब्रेक सगळ्यांच्या गाडीला असतो. सौजन्यवाल्याचा पाय त्याच्यावर ठेवलेला असतो.

आणि स्वभावाला औषध? ९२ दीर्घकालीन अभ्यासांचा २००६ मधला एकत्रित आढावा सांगतो, की वयाबरोबर माणसं सरासरीने जास्त सौजन्यशील आणि नेटकी होतात, चिंताळूपणा घटतो. इथे घोळ व्हायची जागा आहे. सरासरी सरकते, पण माणसामाणसांतला क्रम बऱ्यापैकी तसाच राहतो. पाचवीचा वर्ग उंचीप्रमाणे उभा करा आणि दहावीत पुन्हा करा. सगळे वाढलेले असतील, तरी शेवटून पहिला बहुधा तोच असेल. म्हणजे वर्गातला सर्वात भांडखोर पोरगा पन्नाशीत निवळलेला दिसेल, आणि तरीही गेट-टुगेदरला पहिलं भांडण तोच काढेल. आता याचा दुसऱ्याचं मन ओळखण्याशी नेमका गुणाकार कसा होतो, म्हणजे वाढलेलं सौजन्य ढिला झालेला ब्रेक कितपत भरून काढतं, हा सहसंबंधांचा, म्हणजे दोन गोष्टी बरोबरीने बदलण्याचा, गुंता आहे. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे तर तुम्ही ऐकून असालच.

जाता जाता एक सांगतो. मुलांच्या बोटांच्या ठशांवरून स्वभाव आणि कल सांगणारी शिबिरं आपल्याकडेही भरतात, आणि शिकलेले पालक हजारो रुपये मोजतात. ठसे आईच्या पोटात असतानाच ठरतात आणि पुढे बदलत नाहीत. स्वभाव बदलतो, हे तर वर आलंच. चेहरा पाहून माणूस ओळखणाऱ्या महाराजांचंही तेच. पण नुसते बुवा-बाबा कशाला? 'चांगली कथा वाचा, लगेच लोकांचं मन कळू लागेल' हा २०१३ मधला गाजलेला निष्कर्ष मी स्वतः चार लोकांना ऐकवला होता. तो प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्या बऱ्याच जणांना तसं काही सापडलं नाही.

जवळच्या माणसाचं मन तरी कळतं ना? २०११ मधल्या प्रयोगांत नवरा-बायकोंना एकमेकांची दुअर्थी वाक्यं ओळखायला दिली. अनोळखी माणसांपेक्षा त्यांना ती फारशी जास्त ओळखता आली नाहीत, पण आपलं म्हणणं समोरच्याला कळलंच असणार ही खात्री मात्र जास्त होती. मग २०१८ मध्ये एयाल, स्टेफेल आणि एपली यांनी पंचवीस प्रयोग करून पाहिलं, की 'स्वतःला त्याच्या जागी ठेवून बघा' हा सल्ला किती चालतो. अंदाज अचूक होण्याच्या बाबतीत तो जवळपास चाललाच नाही. थेट विचारल्यावर मात्र सुधारणा झाली.

हे सगळं मी आबांना समजावलं. वाट्यांचा खेळही दाखवला. त्यांनी तो शांतपणे पाहिला, आणि वाट्या परत जागेवर ठेव म्हणाले. परवा पुन्हा पार्सल आलं, पोरगा पुन्हा कुठंतरी चुकला. आबांनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि फोनवर सावकाश विचारलं, "बाळा, तुझ्या म्होरं काय दिसतंय सांग बरं."

पोराने काहीतरी सांगितलं. आबांचा चेहरा उजळला.

"हां! मग टॉकीजपाशीच हाईस की."