हँडबॅगचं लेदर आणि वाइनचा तुरटपणा

नाशिकच्या कॉलेज रोडवर एका दुकानात हजारोंच्या हँडबॅगवर चिठ्ठी दिसली: ‘१००% केमिकल-फ्री लेदर’. असं लेदर असूच शकत नाही. कमावल्याशिवाय कातडी टिकत नाही, आणि कमावणं म्हणजे रसायनशास्त्रच.

कातडीत मुख्यतः कोलॅजेन हे प्रथिन असतं. त्याच्या तीन साखळ्या तिपेडी वेणीसारख्या एकमेकींत गुंफलेल्या असतात. कच्ची कातडी ओल्यात ६०-६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की वेणी सुटते आणि कातडी आकसते. जिवाणू तर त्याआधीच तिचा फडशा पाडतात. वेणीला बाहेरून गाठी मारणं, हेच कमावणाऱ्याचं काम.

आपल्याकडे या गाठी पूर्वापार बाभळीच्या सालीने, हिरड्याने, तरवडाने मारल्या जातात. तिन्हींत टॅनिन हे तुरट द्रव्य असतं. टॅनिनचा रेणू भलामोठा आणि त्याच्या सर्व बाजूंनी हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या. ते कोलॅजेनशी हायड्रोजन बंध जोडतात. एकेक बंध दुबळा, पण एकच रेणू शेजारच्या दोन-तीन साखळ्यांना अनेक जागी धरतो. मधलं पाणी हटतं, जिवाणूंच्या विकरांना (एन्झाइमना) शिरायला वाव उरत नाही, आणि आकसण्याचं तापमान ७५-८५ अंशांवर जातं. कोलॅजेनमध्ये प्रोलीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं आणि टॅनिनला ते विशेष भावतं. आपल्या लाळेतही प्रोलीनने समृद्ध प्रथिनं असतात. म्हणूनच गंगापूर धरणाकडच्या वायनरीत रेड वाइनचा घोट घेतला की तोंड कोरडं पडतं: द्राक्षाच्या साली-बियांतलं टॅनिन लाळेतली प्रथिनं बांधून टाकतं. बाभळीची साल कातडीवर जे करते, तेच इथे जिभेवर घडतं. मला हे फार विलक्षण वाटतं.

जगातलं बहुतेक लेदर मात्र क्रोमियमने कमावतात. त्रिसंयुजी क्रोमियम (क्रोमियम-३) कोलॅजेनच्या कार्बोक्सिल या आम्लधर्मी गटांशी थेट जोडलं जातं; आठवड्यांचं काम एखाद-दोन दिवसांत होतं आणि लेदर १०० अंशांपलीकडे टिकतं. कर्करोगकारक असतं ते षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियम-६). त्रिसंयुजी रूपातून ते उष्णता, प्रकाश आणि काही तेलांच्या संगतीत तयार होऊ शकतं, म्हणून युरोपीय संघाने २०१५ पासून लेदरच्या वस्तूंत त्यावर किलोमागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा घातली. खरा धोका सांडपाण्याचा आहे. त्यात झाडपाल्याने कमावणंही निर्दोष नाही. त्याचं काळपट पाणी नदीतला ऑक्सिजन खाऊन टाकतं. त्यामुळे एखादा ब्रँड शाश्वततेच्या गोष्टी सांगतो तेव्हा पहिला प्रश्न टॅनरीच्या, म्हणजे कातडी कमावण्याच्या कारखान्याच्या, सांडपाण्याचं काय होतं, हा विचारावा.

आता ‘वनस्पतींचं लेदर’. गुच्चीने २०२१ मध्ये डेमेट्रा हे साहित्य आणलं, त्यात ७७ टक्क्यांपर्यंत वनस्पतीजन्य कच्चा माल आहे. मिलानची व्हेजिया कंपनी अशा साहित्यासाठी वाइन काढल्यावर उरणारा द्राक्षांचा चोथा वापरते. हा चोथा नाशिकला मुबलक मिळतो, त्यामुळे इथेही तसं करून पाहावं, असं मला मनापासून वाटतं. पण यात कोलॅजेनची वेणीच नाही. चोथ्याच्या भुकटीला स्वतःचे लांब, गुंफलेले तंतू नसतात, म्हणून अशा बहुतेक साहित्यांत भुकटी धरून ठेवायला पॉलियुरेथेन हे प्लास्टिक लागतं. अशी बॅग खतखड्ड्यात पुरली तर चोथा सावकाश कुजेल, पॉलियुरेथेन मात्र पुढची बरीच वर्षं मातीत राहील.