पाणी आधी बेताचं, मग भरपूर

स्वतःच्या प्लॉटवर घर बांधायला काढलेला माणूस टाइल्सचा रंग, खिडक्यांची दिशा, जिन्याची जागा यांवर महिनोन्‌महिने खल करतो. घर किती वर्षं धड राहणार हे मात्र बऱ्याच अंशी मिक्सरशेजारी उभा असलेला कामगार ड्रममध्ये किती पाणी ओततो यावर ठरतं. तिकडे सहसा मालकाचं लक्ष नसतं.

काँक्रीट वाळून कडक होतं, हा समज फार घट्ट बसला आहे. प्रत्यक्षात काँक्रीट पाण्याखाली ओतलं तरी कडक होतं. नदीतल्या पुलांचे पाये त्याच भरवशावर उभे असतात. चुनखडी आणि चिकणमाती सुमारे १४५० अंश सेल्सियसला भाजायची, थोडं जिप्सम घालून दळायची, की झालं सिमेंट. जिप्सम नसेल तर माल घमेल्यातच आवळेल, म्हणजे घट्ट होऊन बसेल. सिमेंटमधली कॅल्शियम सिलिकेटं पाण्याशी संयोग पावतात आणि कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट नावाचा चिवट पदार्थ तयार होतो. वाळू आणि खडी जखडून ठेवण्याचं काम त्याचं. या क्रियेत उष्णताही बाहेर पडते. अमेरिकेतलं हूवर धरण बांधताना ती इतकी होती, की काँक्रीटच्या पोटात नळ्या घालून थंड पाणी फिरवावं लागलं.

म्हणजे पाणी हा काँक्रीटचा घटकच आहे. पण किती? सिमेंट स्वतःच्या वजनाच्या साधारण २३ टक्के पाणी रासायनिकरीत्या बांधून घेतं. आणखी काही पाणी त्या चिवट पदार्थाच्या अतिसूक्ष्म छिद्रांत अडकतं. दोन्ही मिळून सुमारे ४० टक्के धरा. ५० किलो सिमेंटला २० लिटर. माल सळयांमधून नीट सरकावा म्हणून थोडं जास्त द्यावं लागतं, तरी २५ लिटरच्या वर जाण्याचं कारण नसतं. त्यापुढच्या पाण्याला सिमेंटमध्ये कामच नाही. ते यथावकाश उडून जातं आणि मागे एकमेकांना जोडलेल्या बारीक पोकळ्यांचं जाळं ठेवतं. डफ अब्रॅम्स या अमेरिकी संशोधकाने १९१८ मध्ये हाच नियम मांडला: सिमेंटच्या तुलनेत पाणी जितकं जास्त, तितकी ताकद कमी. २५ लिटरच्या जागी ३५ लिटर घातलं तर साधारण एक तृतीयांश ताकद गेलीच म्हणून समजा. सिमेंट तेवढंच, मजुरी तेवढीच, आणि ओतताना माल दिसतोही छान गुळगुळीत!

आता यात एक छुपं पाणी असतं, ते वाळूतलं. ५० किलो सिमेंटला १०० किलो वाळू पडते असं धरू. वाळूत ५ टक्के ओल असेल तर ५ लिटर पाणी कुणी न ओतताच आत गेलं. शिवाय ओलसर वाळू फुगते. कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि बारीक वाळूचं आकारमान २०-३० टक्क्यांपर्यंत वाढू शकतं. त्यामुळे घमेल्याने मोजलेली वाळू भरलेली दिसते, पण प्रत्यक्षात कमी पडते. याची खात्री करायची तर सरळ उभ्या भांड्यात ओलसर वाळू न दाबता भरा, उंचीची खूण करा, वाळू काढून घ्या. मग भांड्यात निम्मं पाणी घेऊन तीच वाळू त्यात सोडा आणि ढवळा. पूर्ण भिजलेले कण पुन्हा जवळ येतात आणि पातळी खुणेच्या बरीच खाली बसते.

माल सैल करणाऱ्या कामगाराला आळशी ठरवणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. घट्ट माल ओढणं कंबरडं मोडणारं काम असतं. शिवाय तो कॉलमच्या तळाशी नीट बसला नाही तर मधाच्या पोळ्यासारखी भोकं राहतात, आणि तेही तितकंच वाईट. उपाय म्हणजे व्हायब्रेटर (माल हादरवून नीट बसवणारं यंत्र) नीट चालवणं, आणि गरज पडल्यास पाणी न वाढवता माल सैल करणारं प्लास्टिसायझर वापरणं.

माल आवळला की हिशेब उलटा होतो. आता पाण्याची काटकसर नको. काँक्रीटच्या आतली आर्द्रता सुमारे ८० टक्क्यांच्या खाली गेली की सिमेंटची क्रिया जवळजवळ थांबते. २८ दिवसांत अपेक्षित असलेल्या ताकदीपैकी साधारण दोन तृतीयांश पहिल्या ७ दिवसांतच येते, म्हणून पहिला आठवडा मोलाचा. फ्लाय अॅश (कोळशाची बारीक राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेलं सिमेंट सावकाश काम करतं. त्याला १० ते १४ दिवस द्यावेत. स्लॅबवर आळी (मालाचे छोटे बांध) करून पाणी साठवणं सर्वांत उत्तम. दिवसातून तीनदा पाइप फिरवून मधल्या वेळात पृष्ठभाग कोरडा पडू देण्याला क्युरिंग (काँक्रीट सतत ओलं ठेवणं) म्हणणं धाडसाचं आहे. कॉलम बिचारे उभे, त्यांच्यावर पाणी ठरत नाही, म्हणून बारदान गुंडाळून ते सतत ओलं ठेवावं लागतं. घराचा भार मुख्यतः कॉलमवर असतो आणि हयगय नेमकी त्यांचीच होते.

पोकळ्यांच्या जाळ्याचा खरा हिशेब काही वर्षांनी सळईकडे निघतो. काँक्रीट इतकं अल्कधर्मी असतं (सामू १२.५ च्या वर) की आतल्या पोलादावर एक संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून हळूहळू आत शिरतो आणि ही अल्कता खाली आणतो. तो सळईपर्यंत पोहोचला की तो थर जातो. मग ओल आणि हवा मिळताच गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो आणि काँक्रीटचे पोपडे आतून उडवतो. हे आक्रमण कुठवर आलंय ते बघायची सोपी चाचणी आहे. काँक्रीटचा ताजा तुकडा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन हे अल्कता दाखवणारं रसायन शिंपडलं की शाबूत भाग गडद गुलाबी होतो, अल्कता गमावलेला भाग तसाच करडा राहतो.

कार्बन डायऑक्साइडची ही वाटचाल काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते. म्हणून सळईवरचं कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, ४० ऐवजी २० मिलिमीटर राहिलं तर सळईपर्यंत पोहोचायला निम्मा नव्हे, साधारण चौथा हिस्सा वेळ लागतो. सळईखाली खडीचा तुकडा सरकवून भागवलं जातं तेव्हा नेमकं हेच होतं: व्हायब्रेटर लागताच तो निसटतो आणि सळई साच्याच्या फळीला टेकते. सळई फळीपासून दूर ठेवणारे ठरलेल्या जाडीचे कव्हर ब्लॉक तारेने बांधलेत की नाही, हे माल ओतण्याआधी वाकून बघायला पाच मिनिटं पुरतात.