राखाडी समतोल (मोठ्या आकाराची रंगीत छपाई)

राखाडी समतोल: रंगीत छपाईयंत्रातून उमटलेली राखाडी छटा हिरवट, गुलाबी किंवा निळसर न होता निव्वळ काळ्या-पांढऱ्याच्या मधली दिसावी, यासाठी शायांचे परस्पर प्रमाण साधण्याची प्रक्रिया. नागपुरातील फ्लेक्स-विनाइल छापणारे तिला ‘ग्रे बॅलन्स’ म्हणतात. तो ढळला, की ‘ग्रे हिरवा मारतोय’ अशी तक्रार येते.

आदर्श सायन (हिरवट निळ्या) शाईने फक्त लाल प्रकाश शोषावा, मॅजेंटाने (गर्द गुलाबी) फक्त हिरवा आणि पिवळीने फक्त निळा, अशी कल्पना आहे. प्रत्यक्षातील सायन थोडा हिरवा व निळा प्रकाशही शोषते आणि मॅजेंटा तर निळा बराच शोषते. त्यामुळे तिन्ही शाया सारख्या प्रमाणात पडल्या, की राखाडीऐवजी तपकिरी छटा येते. म्हणून सायन अधिक ठेवावी लागते. ऑफसेट छपाईत मध्यम राखाडीसाठी सायन ५० टक्के, मॅजेंटा ४० व पिवळी ४० हे प्रमाण रूढ आहे. २००६ च्या सुमारास अमेरिकेत पुढे आलेल्या, राखाडी समतोलावरून छपाई जुळवणाऱ्या ‘जी-७’ पद्धतीनेही तेच आधाराला धरले. मात्र इंकजेटमध्ये ते जसेच्या तसे लागू पडत नाही. शाई, माध्यम (ज्यावर छापायचे तो कागद किंवा फ्लेक्स) आणि एका जागी पडणाऱ्या शाईची कमाल मर्यादा यांपैकी एक जरी बदलले, तरी प्रमाण बदलते. ते मोजूनच ठरवावे लागते.

मोजणी सीआयई या प्रकाश व रंगमापनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९७६ मधील लॅब पद्धतीने होते. तीत एल* म्हणजे उजळपणा, ए* म्हणजे हिरवा-लाल आणि बी* म्हणजे निळा-पिवळा अक्ष. ए* व बी* दोन्ही शून्य असतील, तर छटा तटस्थ. छायाचित्रकारांचे १८ टक्के परावर्तनाचे राखाडी कार्ड या मापात एल* ५० च्या किंचित खाली येते. लाल किंवा पिवळ्या रंगातला जो फरक डोळा सोडून देतो, तेवढाच फरक राखाडीत चटकन जाणवतो. त्यामुळे यंत्राची परीक्षा राखाडी पट्टीवरच घेणे योग्य. शून्य कशाच्या तुलनेत धरायचे, याबद्दल दोन मते आढळतात. एका मतानुसार निरपेक्ष शून्य गाठावे. दुसऱ्यानुसार उजळ छटांत माध्यमाचीच झाक राहू द्यावी आणि गडद भागाकडे जाताना ती क्रमाने शून्यावर आणावी. डोळा माध्यमाच्या पांढऱ्यालाच पांढरा मानतो, हे लक्षात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. निळसर पांढऱ्या फ्लेक्सवर निरपेक्ष शून्य साधले, तर राखाडी पिवळट भासते.

काळ्या शाईचा वापर कोणापासून सुरू झाला, हा वादाचा विषय आहे. तीन रंगांनी सर्व छटा साधतात असा दावा करणाऱ्या याकोब क्रिस्टोफ ल ब्लों (१६६७–१७४१) यांना १७१९ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट मिळाले. पुढे त्यांनी काळा ठसाही जोडला असे मानले जाते. तिन्ही रंगांतला समान राखाडी अंश काढून तिथे काळी शाई घालण्याच्या तंत्राचे श्रेय काही जण १९८० च्या दशकातील जर्मन मांडणीला, विशेषतः हाराल्ड क्युपर्स यांना देतात. परंतु कोडॅकमधील जे. ए. सी. यूल यांनी चाररंगी छपाईतील काळ्या शाईचे गणित १९४० मध्येच मांडले होते. तेव्हा मूळ तत्त्व यूल यांचे आणि त्याचा जोरकस पुरस्कार नंतरचा, असे म्हणणे सयुक्तिक ठरते. राखाडीतला काळ्याचा वाटा जितका मोठा, तितका रंगीत शायांच्या चढउताराचा परिणाम कमी. मात्र उजळ छटांत काळे ठिपके सुटे दिसून चित्र खरखरीत होते. फिक्या काळ्या शाया या अडचणीवरच निघाल्या. एप्सनने २००५ मध्ये तीन पातळ्यांच्या काळ्या शायांचा संच आणला. नुसती काळीही पूर्ण तटस्थ नसते. कार्बनची शाई पातळ पसरली, की उबदार तपकिरी दिसते.

नागपुरात या बाबीला वेगळे महत्त्व आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेची कृष्णधवल छायाचित्रे धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीच्या परिसरात व शहरभर मोठ्या फलकांवर लागतात. चार शायांच्या फ्लेक्सयंत्रावर समतोल नसेल, तर बाबासाहेबांच्या चेहऱ्यावर हिरवट झाक येते, आणि ती कोणाही पाहणाऱ्याला खटकते. रस्त्यापलीकडून पाहायच्या फलकासाठी केवळ काळ्या शाईत छापणे हा सोपा व विश्वासार्ह मार्ग आहे. प्रदर्शनात हातभर अंतरावरून पाहायच्या चित्रासाठी तो चालत नाही.

एकच छापील राखाडी उन्हात एक आणि दिव्याखाली दुसरी दिसणे, याला दुकानांत ‘मेटामेरिझम’ म्हणतात. काटेकोर अर्थाने ही संज्ञा दोन नमुन्यांपुरती आहे: एका प्रकाशात सारखे, दुसऱ्यात वेगळे. एकाच नमुन्याच्या बदलाला ‘रंग-अस्थैर्य’ म्हणणे अधिक बरोबर. तीन रंगांनी केलेल्या राखाडीत हा दोष ठळक असतो, काळ्याच्या आधाराने तो घटतो. पांढरेपणा वाढवणारी प्रकाशक द्रव्ये माध्यमात असल्यास अतिनील किरणांनी ते निळसर दिसते. म्हणून मापन अतिनीलासह (एम-१) की त्याविना (एम-२), हे नोंदवावे लागते. नमुना तपासण्यासाठी ५,००० केल्विनचा डी-५० प्रकाश प्रमाण मानतात. दिवसा उन्हात आणि रात्री एलईडीखाली राहणारा फलक त्या दोन्ही ठिकाणी पाहूनच मंजूर करावा.

हवामानाचाही वाटा आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंश से.च्या वर जातो व हवा अतिशय कोरडी होते. यंत्राच्या हेडवर शाई सुकून नोझल (शाई फेकणारी बारीक छिद्रे) बंद पडतात. एका रंगाची काही छिद्रे बंद पडल्याचे सर्वप्रथम राखाडी पट्टीत दिसते. पावसाळ्यात दमट कागद शाई निराळी शोषतो. म्हणून उन्हाळ्यात बनवलेले प्रोफाईल (त्या यंत्र, शाई व माध्यमासाठीची रंगनोंद) जुलैत तसेच चालवू नये. आधी नोझल तपासणी, मग लिनिअरायझेशन (प्रत्येक शाईची चढती पातळी एकसारखी करणे) आणि त्यानंतर प्रोफाईल, या क्रमाने काम करावे.