किलो कुठला, ते आधी सांगा

ड्रॅग रेसमध्ये वळणं नसतात. उभ्या जागेवरून सुटायचं आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, नाकासमोर पळायचं. अमेरिकेतल्या गॅरेजांमध्ये त्यासाठी मागची सीट काढतात, काचेच्या जागी प्लास्टिक बसवतात. फिरणाऱ्या भागांचा हिशोब मात्र वेगळा. सीटचा किलो नुसता पुढे ढकलावा लागतो. फिरणाऱ्या भागाचा किलो पुढे ढकलायचा आणि वर गरागरा फिरवायचाही.

टायरच्या कडेचा एक किलो म्हणूनच जवळजवळ दोन किलोंसारखा वागतो. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. खरी गंमत इंजिनाच्या मागे, फ्लायव्हीलपाशी, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या जड तबकडीपाशी आहे.

समजा, पहिल्या गिअरमध्ये चाकाचा एक फेरा होईतो फ्लायव्हीलचे ११ फेरे होतात. हा आकडा गणितात वर्गाने शिरतो, म्हणजे १२१! १० किलोची, १५ सेंटिमीटर त्रिज्येची सपाट तबकडी आणि ३३ सेंटिमीटर त्रिज्येचा टायर धरला, तर सुटताना ती तबकडी गाडीत सव्वाशे किलो लादल्यासारखी वागते. टॉप गिअरमध्ये गुणोत्तर ४ वर आलं की तोच भार सोळा-सतरा किलोंवर उतरतो. पोलादाऐवजी अॅल्युमिनियम वापरून तबकडी निम्म्या वजनाची केली, तर पहिल्या गिअरपुरते साठेक किलो गेले म्हणायचे.

आता प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा. लांबलचक, डोळ्यांत भरणारा, म्हणून पैसे आधी तिथे जातात. पण त्रिज्याही वर्गानेच मोजली जाते आणि शाफ्ट असतो बारीक. चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चार फेरे धरले, तर साडेसात सेंटिमीटर व्यासाच्या ९ किलोच्या नळीला फिरवण्याचा जादा भार भरतो जेमतेम दोन किलो. कार्बन फायबरचा महागडा शाफ्ट घ्यायचाच तर वेगळ्या कारणासाठी घ्यावा: लांब शाफ्ट ठरावीक वेगाला दोरीसारखा झोल खाऊ लागतो, आणि ताठ, हलक्या कार्बनमुळे ती मर्यादा वर सरकते.

मग फ्लायव्हील जमेल तितकं हलकं करावं? नाही. जड जातं एकदा फिरू लागलं की हात सैल सोडला तरी फिरत राहतं, तसंच हे. आपली १० किलोची तबकडी मिनिटाला ६००० फेऱ्यांवर असताना तिच्यात सुमारे २२ किलोज्यूल ऊर्जा असते. १४०० किलोच्या गाडीला ताशी २० किलोमीटर वेग द्यायला एवढी, कागदावर तरी, पुरते. क्लच सोडताच हाच साठा गाडीला धक्का देतो. वजनदार गाडीत तो फार कमी केला तर इंजिन दबतं आणि शर्यत पहिल्या काही मीटरांतच जाते. मॅन्युअल क्लचवाले अनुभवी लोक म्हणूनच जड पोलादी फ्लायव्हील सहसा काढत नाहीत. ऑटोमॅटिकवाल्यांचं गणित निराळं. जनरल मोटर्सचा पॉवरग्लाइड हा दोनच गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स १९७३ मध्ये बंद झाला, तरी ड्रॅगमध्ये तो टिकून आहे. फिरणारे भाग कमी, हे त्याचं एक मोठं कारण.

फिरणाऱ्या भागांतली ऊर्जा अशी मोकाट सुटली तर काय होतं, ते १९७० मध्ये कॅलिफोर्नियात दिसलं. लायन्स या ड्रॅग पट्टीवर नामांकित ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्सच्या ड्रॅगस्टरचा, म्हणजे खास या शर्यतीसाठीच्या लांबुडक्या गाडीचा, गिअरबॉक्स फुटला आणि त्याच्या उजव्या पावलाचा भाग तुटून गेला. पुढच्या वर्षी तो इंजिन पाठीमागे असलेली गाडी घेऊन परतला आणि जिंकलाही. पुढे अशा ड्रॅगस्टरांत तीच रचना रुळली.

तरीही कंपनीने दिलेलं ओतीव लोखंडाचं फ्लायव्हील लेथवर घासून हलकं करण्याचा मोह काहींना होतोच. ओतीव लोखंड ताणाला कच्चं. जास्त फेऱ्यांवर त्याचे तुकडे उडू शकतात. वेगवान वर्गांत एसएफआय या शर्यतीच्या सुरक्षा-मानकांच्या संस्थेच्या प्रमाणानुसार बनलेलं फ्लायव्हील आणि त्याभोवती मजबूत कवच नियमानेच लागतं.